पहिल्या कॅनचा मान

आमच्या दूध संघात नवकल्पना कक्षाचं उद्घाटन झालं, तेव्हा फेटे बांधायला सांगलीहून तीन माणसं आली होती. कक्ष म्हणजे प्रयोगशाळेला लागून असलेली जुनी सामानाची खोली. आत एक टेबल, एक पांढरा फळा आणि भिंतीपेक्षा हातभर मोठा फलक. फलकावर अध्यक्ष हसत होते आणि त्यांच्या हनुवटीखाली लिहिलं होतं, ‘वेगळा विचार करा’. फलक भिंतीत मावेना म्हणून उजवीकडून दुमडला. त्यात ‘करा’ गेलं.

कक्षाचा प्रमुख मी. माझं मूळ काम दूध तपासण्याचं. मला नेमलं ते आमच्या व्यवस्थापकानं. आम्ही दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलो. सुरुवातीची तीन वर्षं सांगलीत एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर पिठलं केलं. चारचौघांत मी त्याला साहेब म्हणायचो, एरवी अरेतुरे. तो मला म्हणाला, “तू फक्त कल्पना शोध. चुकलास तर मी आहे ना रं!” त्या वाक्यावर मी विश्वास ठेवला. मला इतर बऱ्याच गोष्टींवर शंका घ्यायची सवय आहे. नेमकी इथं घेतली नाही.

पहिल्या महिन्यात सूचना पेटीत अकरा चिठ्ठ्या निघाल्या. चार अध्यक्षांच्या वडिलांच्या पुतळ्याविषयी होत्या. एकीत कँटीनच्या चहात दूध घालावं अशी मागणी होती. दूध संघाच्या कँटीनच्या.

खरी कल्पना पेटीत आलीच नाही. ती पूर्वेकडच्या गावांतून दूध गोळा करणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं आणली. तो कवठे महांकाळकडचा, मेंढपाळ घरातला. गाडीची फेरी संपवून दुपारी घरी जायचा, कारण वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले आणि बायकोला एकटीला ते उचलवत नसत.

“सायेब, दूध नासतंय ते उन्हानं न्हाई, आपल्या येडेपनानं,” तो म्हणाला.

झालं होतं असं. गाडी संघातून निघायची आणि पहिल्यांदा जवळच्याच एका गावात थांबायची. ते गाव एका संचालकांचं. संघाची पहिली गाडी सुटली तेव्हा पहिली कॅन तिथं चढली होती, हार घालून. तेव्हापासून पहिल्या कॅनचा मान त्या गावाचा. मग गाडी ते दूध घेऊन दुष्काळी पट्ट्यात शेवटच्या वस्तीपर्यंत जायची आणि वाटेतलं दूध घेत परत त्याच गावावरून यायची. म्हणजे मानाचं दूध सगळी फेरी उन्हात हिंडून सर्वांत जुनं होऊन माझ्यापुढं यायचं. चैत्र लागला की मी त्यांच्या कॅन परत पाठवायचो, आणि संचालक म्हणायचे, ड्रायव्हर गाडी हळू चालवतो.

“मोकळी गाडी आदी लांब न्यायाची,” ड्रायव्हर म्हणाला, “आनि दूध भरत भरत घराकडं यायाचं. तवर त्या गावच्या कॅन सावलीत, पान्याच्या हौदात ऱ्हातील. आमचा म्हातारा मेंढरं तशीच चारायचा. जाताना पाय उचलायचा, येताना चारा.” मग दारात थांबून म्हणाला, “पर माझ्यावर येऊ दिऊ नका. बदली झाली तर म्हाताऱ्याला उचलायला कोन न्हाई.”

“येणार नाही,” मी म्हणालो. शब्द दिला.

मी व्यवस्थापकाकडं गेलो. त्यानं मांडीवर थाप मारली. “लय भारी! पण कागदावर आणू नकोस. कागद झाला की मंडळापुढं जातो, आणि मंडळापुढं गेला की मेला. तोंडी सांग. निकाल हातात आले की मी मांडतो.”

मी ड्रायव्हरला तोंडी सांगितलं. आठ दिवस गाडी उलटी फिरली. आठ दिवसांत त्या गावची एकही कॅन परत गेली नाही. मी वहीत रोज ‘उत्तम’ लिहीत होतो आणि मनातल्या मनात शाल-श्रीफळ घेत होतो, हेही कबूल करतो.

नवव्या दिवशी बैठक बोलावली. संचालक उभे राहून बोलले. “पहाटं गाडी आमच्या गावावरनं मोकळी जाती. थांबत न्हाई. बायामानसं बघत्यात. पाव्हणं इचारत्यात, मान गेला का म्हून!”

“पण तुमचं दूध एकदाही नासलं नाही,” मी म्हणालो.

“नासू द्या की. आमचं हाय.”

अध्यक्षांनी विचारलं, “परवानगी कुणी दिली?”

मी व्यवस्थापकाकडं पाहिलं. तो फाईल चाळत होता. त्या फाईलमध्ये या विषयाचा एकही कागद नव्हता, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. पानं उलटत तो म्हणाला, “ड्रायव्हरनं परस्पर मार्ग बदललेला दिसतोय. प्रयोगशाळेचा संबंध नाही.”

“मी सांगितलं होतं,” मी म्हणालो. “साहेबांच्या संमतीनं.”

“लेखी काही?” अध्यक्षांनी विचारलं.

चहा आला. इतिवृत्तात माझं वाक्य आलं नाही. चहापानानंतर सभा संपल्याचं मात्र आलं.

बाहेर व्हरांड्यात व्यवस्थापकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “वाचवलं की तुला गड्या!”

“आणि तो?”

“ड्रायव्हर काय, कुठंही गाडी चालवतो.”

खोलीत राहत असताना हा माणूस मला ताप आला तर रात्रभर बसायचा. तोच हात होता. मी तो खांद्यावरून काढला. काय बोलायचं ते नंतर घरी खूप सुचलं.

ड्रायव्हरची बदली लांब लोणंदला झाली, तिथून दुपारी घरी येणं जमणारं नव्हतं. हुकूम घेऊन तो प्रयोगशाळेत आला. रागावला असता तर बरं झालं असतं.

“आवं सायेब, तुमी सांगितलं म्हून मी केलं, येवढं लिवून देता का?”

मी कक्षाच्या टेबलावर बसून स्वतःच्या हातानं लिहिलं. मार्ग मी बदलायला लावला, व्यवस्थापकांच्या संमतीनं, ड्रायव्हरचा दोष नाही. सही केली, तारीख घातली. एक प्रत कार्यालयात दिली. ती ‘नोंद घेतली’ असा शेरा घेऊन फायलीत गेली. कक्षातून मला मोकळं करावं, असाही अर्ज मी दिला. तो मात्र त्याच दिवशी मंजूर झाला. असा वेग संघात मी पूर्वी पाहिला नव्हता.

“हे दाखवून बदली थांबंल?” त्यानं विचारलं.

“नाही.”

त्यानं कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

“म्हाताऱ्याला वाचून दावतो,” तो म्हणाला. “त्येला वाटतंय, मी कायतरी लबाडी केली. आठ दिस झालं, माझ्या हातानं उठून बसत न्हाई.”