न फिरणारा पंखा

लिफ्टकाकांनी छत्तीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केल्या, त्या निम्म्या हातांनी आणि निम्म्या कानांनी. मशीनरूमचं दार उघडायच्या आतच ते सांगायचे, ब्रेक घासतोय की बेअरिंग गेलंय. निवृत्तीनंतर घरात ऐकण्यासारखं उरलं ते काकूंचं वाचन. काकू अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करत. पण त्यांचा जुना कॉम्प्युटर असा घरघरे, की प्रत्येक धड्यात ती घरघर उतरे.

"अहो, काल एका मुलीने विचारलं, तुमच्यामागे कोण झोपलंय?" काकू हसून म्हणाल्या. काकांच्या मात्र ते मनाला लागलं.

काकूंच्या कपाटातल्या फळीवर बसेल एवढा लहान कॉम्प्युटर स्वतःच जोडायचं त्यांनी ठरवलं. बाकीचे भाग जमले, घोडं अडलं पॉवर सप्लायपाशी, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या पंख्याच्या डब्यापाशी. नेहमीच्या मापाचा त्या इवल्याशा कॅबिनेटमध्ये शिरेना. मग काका पुठ्ठ्याचं माप कापून दुकानात गेले.

दुकानातल्या ताईने आधी वॅटचा भलामोठा आकडा सांगितला. काका म्हणाले, "ताई, याला माणसं वर न्यायची नाहीत. बसून पुस्तकं वाचायची आहेत."

मग दोघांनी मिळून बेरीज केली. सगळं धरून दीडशे वॅटच्या वर जात नव्हतं. ताईने साडेचारशेचा छोटा सप्लाय काढला. "कमी जोरावर चालला की तापत नाही, आणि तापला नाही तर पंखाही फिरत नाही." यातलं शेवटचं काकांनी ऐकलंच नाही. केबल पोचतील का, हे ते वितीने मोजत होते.

घरी जोडणी झाली. बटण दाबलं, दिवा लागला, पण सप्लायचा पंखा ढिम्म. काकांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक डब्यावर टेकवून मूठ कानाला लावली. काहीच नाही. त्यांनी घाईने बटण बंद केलं. ज्याचा आवाज बंद, ते यंत्र मेलं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्या दिवशी जेवणातही त्यांचं लक्ष नव्हतं.

"बदलून देतील की," काकू म्हणाल्या.

"निवड माझी होती गं. पारख चुकली."

दुसऱ्या दिवशी दुकानात ताईने तो सप्लाय तिथल्या एका कॉम्प्युटरला जोडला आणि त्याला मुद्दाम जड काम लावलं. काकांचा हात धरून सप्लायच्या जाळीवर ठेवला. पाचेक मिनिटांत जाळी कोमट झाली आणि पंखा सावकाश फिरू लागला.

काका जाळीकडे वाकले. "म्हणजे आमच्या मोठ्या साहेबांसारखाच. तापल्याशिवाय हलत नाही."

ताई इतकी हसली की आतला कारागीर बाहेर डोकावला.

संध्याकाळी काकूंनी नद्यांचा धडा वाचायला घेतला. काका पलंगाच्या कडेला श्वास रोखून बसले. वाचून झाल्यावर काकूंनी हेडफोन त्यांच्या कानांना लावला. आत फक्त काकूंचा आवाज होता, अगदी जवळून. मध्ये एकदा पान उलटल्याचंही ऐकू आलं.

"घरघर आहे का कुठे?" काकूंनी विचारलं.

काकांनी हातानेच थांब म्हटलं. धडा अजून संपायचा होता.