हात भाजेल, जपून

'सावध माणूस' असं माझ्याबद्दल घरीदारी कौतुकानं म्हणतात. गॅसचं बटण मी दोनदा बघतो, एसटीतून उतरताना सीट चाचपतो, गल्लीतल्या पोरांना 'जपून रे' म्हणतो. या 'जपून'ची मला आता शिसारी येते.

जळगावच्या आमच्या ऑफिसात हिवाळ्यात भरीत पार्टी असते. कुणाच्या तरी शेतात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायची, सोलायची आणि बडगीत, म्हणजे लाकडी खोलगट भांड्यात, मिरची-लसणासोबत ठेचायची. यंदा ठेचायला बसला धुळ्याहून बदलून आलेला माझा सहकारी. तो बौद्ध आहे हे सगळ्यांना ठाऊक; बोलत कुणी नाही. आम्ही एकाच टेबलावर जेवतो. आजूबाजूला कुणी नसलं की मी त्याच्या डब्यातली चटणी खातो. कुणी आलं की माझा हात माझ्या डब्यात.

त्यानं बाह्या सरसावल्या, तसे आमच्यातले वडीलधारे नाना गोडीत म्हणाले, "भाऊ, तुम्ही पाव्हना शेतस. बठा सावलीमा."

"नाना, तीन वर्षं झाली. इतके दिवस तर जावईही पाहुणा राहत नाही!" तो हसला. मुसळ त्याच्या हातातच होतं.

बाकी कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण तो माझा मित्र. त्यानंही पाहिलं. "ठेचू द्या की त्यांना," एवढंच मी म्हणायचं होतं.

"हात भाजेल," मी म्हणालो, "जपून." आणि मुसळ काढून घेतलं.

वांगी केव्हाच निवली होती.

"आते जमनं," नाना म्हणाले. मी ठेचत राहिलो. त्यानं केळीच्या पानावर वाढलेलं खाल्लं. मला खायचं नव्हतं, तरी मी दोनदा वाढून घेतलं. न खाल्लं तर लोक विचारतील म्हणून.

परतताना तो माझ्या मोटरसायकलवर मागे होता. मेहरूण तलावाच्या वळणावर त्यानं तळहात माझ्या खांद्यावरून पुढे धरला. "बघा भाऊ, कुठं भाजलाय?"

"गाडी चालवतोय," मी म्हणालो.

तेव्हापासून तो खिडकीजवळ एकटा जेवतो. काल मी माझा डबा उचलून त्याच्याकडे निघालो. निघण्याआधी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

माझं ते बघणं त्यानं बघितलं आणि डब्याला झाकण लावलं.