घणाचा शेवटचा ओरखडा
जुन्या फायलीतून आलेखाची पिवळी पडलेली पट्टी खाली पडली आणि विजयदुर्गाजवळचा आमच्या गावचा सडा, गावावरचं ते उघडं पठार, डोळ्यांपुढे आला. ऐंशीच्या दशकातली ती मे महिन्यातली दुपार. मंगळाच्या वरवरच्या मातीतून भूकंपासारखा धक्का किती वेगाने पळत असेल, याचा अंदाज कॉलेजातल्या आमच्या सरांना सड्यावरच्या तांबड्या, भुसभुशीत मातीवरून बांधायचा होता. जागा मीच दाखवली होती. तिथे जमिनीला हात लावण्याआधी राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, त्याची परवानगी मागतात, हे मला ठाऊक होतं. पण सरांसमोर ते बोलायची मला लाज वाटली. मी जाड लोखंडी पत्र्यावर घण घालत होतो आणि प्रत्येक घावाला धक्के नोंदवणाऱ्या यंत्राची सुई थरारून कागदावर ओरखडा काढत होती. एवढ्यात माझे काका धावत आले. "राखणदाराच्या छातयेर घण घालतंस? गाऱ्हाणा घातलंस काय रे?" असं ओरडत त्यांनी माझ्या थोबाडीत मारली, घण हिसकावला आणि यंत्रावर हाणला. यंत्र वाचवायला सरांनी हात मध्ये घातला आणि घाव हातासकट यंत्रावर बसला. हाड मोडल्याचा तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. जीपमधून तळेऱ्याच्या दवाखान्यात जाताना, रक्ताने भिजलेला पंचा हाताशी घट्ट धरून सरांनी विचारलं, "आधी काही करायचं राहिलं होतं का रे?" मी "नाही" म्हणालो. आता सरही नाहीत, काकाही नाहीत. पट्टीवरचा शेवटचा, सगळ्यात उंच ओरखडा काकांच्या घणाचा आहे. त्याआधीचे सगळे माझे.