दहा मीटरांचे दाजी

माणसाला श्वास घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा दुपारी चार वाजता राहुरीला माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी जावं. तिथे आमचे दाजी एअर रायफल घेऊन उभे असतात आणि त्यांचा छर्रा सुटेपर्यंत घरात कुणी मोठ्याने श्वाससुद्धा घ्यायचा नसतो. पंखा बंद, मिक्सर बंद. कुकर तर चढवायचाच नाही, कारण त्याची शिट्टी विचारून होत नाही. अक्का म्हणते, "लग्न झाल्यापासून चारच्या आत माझी डाळ शिजलेली पाहिजे. न्हाईतर कच्ची खा."

दाजी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर असताना माशी बसली तर ती उठेपर्यंत ते आकडा लिहीत नसत, असं त्यांच्याबरोबरचे लोक अजून सांगतात, आणि मला ते खोटं वाटत नाही. घर बांधताना त्यांनी गवंड्याला आधी बोळ आखायला लावला. दहा मीटर सरळ, बोटभर कमी नाही की जास्त नाही. त्या बोळापायी स्वयंपाकघर इतकं आखडलं की अक्काचा फ्रिज आजही हॉलमध्ये उभा आहे. बोळाच्या टोकाला पक्की भिंत, भिंतीपुढे जुन्या साड्या ठासून भरलेलं खोकं, खोक्यावर वर्तुळांचा कागद आणि कागदाच्या मधोमध मोहरीहून बारीक ठिपका. एका कागदावर दहा छर्रे. मग तो कागद, तारीख टाकून, फायलीत. दोननंतर ते चहा घेत नाहीत, नाडी उडते म्हणून. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा यांनी गप्पा मारता मारता मुलाचं मनगट धरलं, डोळे मिटले आणि भर बैठकीत सांगितलं, "पोरगा चांगला हाय, पन नाडी लई पळती." ते लग्न जमलं, पण ते दाजींमुळे जमलं असं कुणी म्हणू नये.

एवढा नेम असून त्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही. शेजारचे बागायतदार काकुळतीला येऊन म्हणाले, "दाजी, डाळिंबावर पोपट लई आलेत. दोन पाडले तरी बाकीचे येनार न्हाईत." दाजींनी शांतपणे विचारलं, "पोपटाच्या अंगावर वर्तुळं हायेत का?"

एकदा मी त्यांना घेऊन काष्टीच्या बाजारात गेलो होतो. तिथे फुगे फोडायचा एक स्टॉल होता. दाजींनी पाच छर्रे मारले. एकही फुगा फुटला नाही. मला मनातून केवढा आनंद झाला! पण ते फुग्यांकडे बघतच नव्हते, मागच्या फळीवरची भोकं बघत होते. "पाव्हणं, हे बघा. पाची भोकं डावीकडं, पन एका जागी. म्हंजे मारनाऱ्याचा दोष न्हाई, नेम धरायची साईट वाकडी हाय. मारनारा चुकला असता तर चारी दिशांना गेली असती." मग त्यांनी तासभर खपून स्टॉलवाल्याच्या तिन्ही बंदुका नीट करून दिल्या. पुढच्या अर्ध्या तासात गिऱ्हाइकांनी त्याचे सगळे फुगे फोडले. स्टॉलवाला हात जोडून मला म्हणाला, "साहेब, ह्यांना घरी न्या."

दाजींचं ते भोकांचं बोलणं मी तेव्हा नीट ऐकलं असतं, तर पुढे तीन महिने माझी झोप उडाली नसती.

गेल्या भाऊबीजेला मी राहुरीला गेलो होतो. दाजींनी माझ्या हातात रायफल दिली. दहा छर्ऱ्यांपैकी चार मी साड्यांच्या खोक्यावर घातले. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "बंदूक सरळ हाय, पाव्हणं. तुमचं मन थाऱ्यावर न्हाई." माझी पन्नाशी उलटली आहे. तरी ते मला झोंबलं. ते आंघोळीला गेले तेव्हा मी रायफलच्या मागच्या साईटचा स्क्रू फिरवला. जरा फिरवला की तो टिक वाजतो; मोजून तीन टिका, उजवीकडे. चार वाजता त्यांनी दहा छर्रे मारले, कागद हातात घेऊन बघितला आणि रायफल कपाटात ठेवली. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी लाडू खात होतो.

महिन्याभराने अक्काचा फोन आला. "आरं, हे बंदुकीला हातच लावीत न्हाईत. म्हनत्यात, हात गेला माझा. पंखा दिवसभर फिरतोय बघ. मला करमत न्हाई." त्यानंतर मी दर रविवारी राहुरीला जायचं ठरवलं आणि दर रविवारी काहीतरी काम काढून नगरला घरीच थांबलो. शेवटी फेब्रुवारीत गेलो आणि बोळात उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. दाजी, तुमचा हात गेलेला नाही, मी नालायक आहे, साईट मी फिरवली.

मला वाटलं चिडतील. त्यांनी फक्त विचारलं, "किती टिका?"

"तीन. उजवीकडे."

ते आत गेले, फाईल घेऊन आले आणि भाऊबीजेचा कागद माझ्यापुढे धरला. दहा भोकं होती. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. दाजींनी त्यावरून बोट फिरवलं. "व्हय, जरा उजवीकडं झुकलंय खरं. मला तवा दिसलं न्हाई." त्यांचा चेहरा खुलला, जणू अडलेला हिशेब सुटला. मग त्यांनी आधीचे कागदही फरशीवर मांडले. दसऱ्याचा, गणपतीतला, आषाढातला. मागे मागे जावं तशी भोकं जवळ जवळ येत होती. दोन वर्षांपूर्वीच्या कागदावर दहा छर्ऱ्यांचं मिळून एकच भोक होतं.

"काष्टीला सांगितलं हुतं तुमाला," ते म्हणाले. "साईटनं सगळी एका बाजूला जात्यात. तुमच्या तीन टिका ह्यात कुठं हरवल्या, बघा." कागद धरलेला त्यांचा हात थरथरत होता. तो आधीही थरथरत असणार. मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी स्क्रू तीन टिका मागे घेतला आणि रायफल माझ्याकडे दिली. आता महिन्यातून एक रविवार मी राहुरीला असतो. दाजी मागे उभे राहून माझ्या पाठीवर तळवा टेकवतात. श्वास कुठे थांबवायचा ते त्यांना तिथून कळतं म्हणे. माझी भोकंही चारी दिशांना जातात. ते कागद बघून मान हलवतात, तारीख टाकतात आणि फायलीत लावतात. "तुमचं मनाचं हाय, पाव्हणं," ते म्हणतात. "ते बसंल जाग्यावर."

शर्टावरून त्यांच्या बोटांचा कंप मला जाणवत असतो. आत अक्काने न सांगता पंखा बंद केलेला असतो, आणि मी श्वास धरून उभा असतो.