तीन पानांची शीट

आमच्या कॉलेजच्या हर्बेरियमची, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या कपाटांची, जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी नियम लिहून दारावर लावले. संशोधनासाठी तुकडा हवा असेल तर आधी शीटवरचं पाकीट बघायचं. गळलेला चुरा त्यात असतो. चुरा नसेल तरच पान. फूल, फळ कधीच नाही. तुकडा नखाएवढा. आणि वनस्पती अजून कुठे जिवंत सापडत असेल तर शीटला हात लावायचा नाही, ताजी आणायची.

एका शीटच्या बाबतीत ताजी आणण्याचा शेवटचा नियम सोडून बाकी सगळे पाळले गेले, तरी ती रिकामी होत चालली होती. गगनबावड्याकडच्या एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावर, पावसात कातळावर उगवणारं वीतभर रोप. त्याचं अख्खं पानच नखाएवढं. ही वेगळी जात आहे की नेहमीच्याच जातीचं खुजं रूप, हे डीएनएवरून ठरवायला तिघे येऊन गेले. तिघांचंही उत्तर एकच: काही निघालं नाही. जुन्या शीटांना कीड लागू नये म्हणून विष लावायचे, त्याचा हा परिणाम असावा. पाकीट संपलं. पानं तीन उरली. कुणी काय नेलं ते सांगणाऱ्या चिठ्ठ्यांनी रोपापेक्षा जास्त जागा व्यापली.

यंदा पावसाळ्यात कुरुंदवाडची एक मुलगी आली. पीएचडीचं शेवटचं वर्ष, आणि प्रबंध ह्याच रोपापाशी अडलेला.

"मॅडम, एकच पान पाहिजे की."

"सड्यावर जा. ताजं आण."

"आधीच्या तिघांना बसल्या जागी दिलंत. माझ्याच वाट्याला डोंगर व्हय?"

"तिघांनी काय दिवे लावले ते बघितलंस ना?"

ती हसली आणि गेली. एक पान वाचलं म्हणून मला बरं वाटलं.

दोन दिवसांनी दुपारी तिचा फोन आला. मागे पंपाची घरघर चालू होती, त्यामुळे ती ओरडत होती.

"मॅडम, सडाच न्हाय हितं!"

"रस्ता चुकलीस. वाडीत विचार."

"विचारलं की. म्हणत्यात, पावणं, उशीर केलासा. बॉक्साइटसाठी कातळ खणून नेलाय सगळा. खाली लाल पाणी साठलंय. कडंकडंनं फिरले, गवतसुद्धा न्हाय."

शेजारचे सडेही बघ, असं मी सांगितलं. भर पावसात तिने तेही पालथे घातले. रोप कुठेच नव्हतं.

ती परत आली तेव्हा चपलांना अजून लाल चिखल होता. तिने पान मागितलंही नाही. नकार द्यायला माझ्याकडे आता नियम उरला नव्हता. मी हातमोजे घातले, शीट काढली.

"श्वास रोख," मी म्हटलं. फुंकरीनेही पान उडतं. ब्लेड टेकवलं, पान सुटलं. आवाज झाला नाही.

"ह्यातनं निघंल का काही, मॅडम?"

"सांगता येत नाही."

"आणि न्हाय निघालं तर?"

मी चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. कारणाच्या जागी तिने सावकाश लिहिलं: ताजी वनस्पती उपलब्ध नाही. मी खाली सही केली.