आधी गाडी सुरू करा

हौसा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते. सूप तसंच टाकून दवाखान्यात धावले. माझी धाकटी जाऊ, पन्नास वर्षांची सोबत... पण आज लिहायला बसले ती रडू येतंय म्हणून नाही, राग आलाय म्हणून. दशक्रियेला भाषणं चालली होती. माईक हातात आला की आमच्याकडं कुणी आवरत नाही. एक पाहुणे उठले आणि हसत म्हणाले, "हौसाकाकूंनी नवरी म्हणून पाय ठेवला आणि वऱ्हाडाचा ट्रकच बंद पडला होता बरं का!" माणसं हसली. कावळा अजून पिंडाला शिवला नव्हता, आणि माणसं हसली!

त्या ट्रकवर मी होते. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. बेलापूरला लग्न लावून वऱ्हाड आमच्या पाथर्डीकडच्या गावी परत निघालेलं. ट्रक सासूबाईंच्या भावाचा, चालवायचेही तेच. मामांनी गाडी उतारावर तोंड खाली करून लावलेली, वेळ आली तर ढकलायला सोपी म्हणून. टाकीत डिझेल तळाला. आम्ही बायका चढलो, शेवटी नवरी चढली, मामांनी स्टार्टर मारला. घुर्र घुर्र... बंद. पुरुषांनी ढकलून बघितली, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. कशाचा उपयोग नाही. मग सासूबाई मोठ्यानंच बोलल्या, "हिचा पायच तसला दिसतोय."

हौसाच्या माहेरी विहिरीवर ऑइल इंजिन होतं, बापाबरोबर तीच ते चालू करायची. मुंडावळ्या बांधलेली पोर फळीवरून वाकून म्हणाली, "मामा, इंजिन फिरतंय पन धूर येत न्हाई. म्हंजी डिझेल जात न्हाई. उतारानं डिझेल पुढं सरलं आन् नळीत हवा शिरली आसंल."

"आरं, नवरी आणली का मिस्तरी?" मामा म्हणाले. सगळे खिदळले.

सासूबाईंनी हुकूम सोडला, "उतरवा हिला खाली."

उतरवली. शालूसकट भर उन्हात बाभळीखाली उभी केली. मीही उतरून तिच्याजवळ गेले, म्हणून मला दिसलं. बॉनेटच्या पलीकडं मामांनी गुपचूप टाकीत डबाभर डिझेल ओतलं, पान्यानं डिझेलच्या नळीचा नट सैल केला, इंजिनावरचा छोटा हातपंप मारला. आधी फेस आला, मग निव्वळ डिझेल. नट आवळला आणि गाडी सुरू!

"बघा, ती उतरली आन् गाडी सुरू झाली!" सासूबाई म्हणाल्या.

"मामांनी हवा काढली, मी बघितलं की!" मी ओरडले. मामा फडक्याला हात पुसत राहिले. "व्हय" एवढंच म्हणायचं होतं त्या माणसाला... तेवढंही म्हणाले नाहीत. पुढच्या साली पाऊस पडला नाही, तो हिच्या पायानं. म्हैस आटली, हिच्या पायानं. मामा दर दिवाळीला यायचे, हिच्या हातच्या करंज्या खायचे आणि गप्प बसायचे. आता मामाही नाहीत. माझा राग मात्र आहे, आणि तो मला घालवायचा नाही.

हौसा कधी भांडली नाही. एक सवय तेवढी धरली. एसटी असो नाहीतर नातवाची कार, इंजिन चालू झाल्याशिवाय ती आत पाय ठेवायची नाही. कंडक्टर खेकसायचे, नातवंडं हसायची. ही पिशवी छातीशी धरून खालीच उभी. "आधी सुरू करा, मग बसते."

दवाखान्यातून तिला घरी आणायचं होतं तेव्हा मी गाडीच्या दाराशीच होते. पोरांनी आधी तिला आत ठेवलं... दार लावलं. मग ड्रायव्हरनं किल्ली फिरवली.

पहिल्या झटक्याला सुरू झाली.