मिस्त्रींची वाळूची गोणी

पहारेकरी पुरवणाऱ्या कंपनीच्या नेमबाजीच्या आवारात मिस्त्री पिस्तुलं दुरुस्त करत. सव्वीस वर्षं. गोळीचा जोर मोजायची त्यांची स्वतःची रीत होती. दोन साखळ्यांना वीस किलो वाळूची गोणी टांगायची, गोळी झाडायची आणि गोणी किती मागे गेली ते पट्टीवर बघायचं. गोणी भरून, तोलून, शिवून ओळंब्यात टांगायला अर्धा दिवस जाई. कुणी घाई केली की म्हणत, "घाई असेल तर फुगे फोड."

गोणीच्याच भरवशावर त्यांनी कंपनीच्या साहेबांना सांगितलं, नऊ एमएमच्या पिस्तुलापेक्षा जाड गोळीचं फोर्टी-फाइव्ह जवळपास दीडपट जोरदार. साहेबांनी सगळ्या पहारेकऱ्यांच्या हाती फोर्टी-फाइव्ह दिलं. आठवड्याने नेमबाजीची परीक्षा, नापास तो घरी.

पंचाईत झाली वहिनींची. मिस्त्रींचे थोरले भाऊ वारल्यावर त्या इथंच पहाऱ्याला लागल्या होत्या. नऊ एमएमने त्यांचा नेम सहसा चुकत नसे. नव्या पिस्तुलाने दहांतल्या चारच गोळ्या लागत, आणि मनगट सुजून टम्म.

"भाऊजी, हे पिस्तूल आहे की लाथाडी गाय?"

"जोर हवा तर लाथ सोसा, वहिनी."

"जोर गोळीत हवा की माझ्या मनगटात?"

गोळीचा वेग मोजायचं यंत्र आवारात येऊन दोन महिने झाले होते. मिस्त्रींनी त्याला हात लावला नव्हता. त्या दुपारी लावला. दोन्हींच्या दहा-दहा गोळ्या झाडल्या. नऊ एमएमची साडेसात ग्रॅमची, सेकंदाला तीनशे साठ मीटर. फोर्टी-फाइव्हची पंधरा ग्रॅमची, पण दोनशे पंचावन्न. ऊर्जेच्या हिशेबात वजन एकदा धरतात, वेग दोनदा. एक निघाली चारशे शहाऐंशी ज्यूल, दुसरी चारशे अठ्ठ्याऐंशी. त्यांनी गुणाकार तीनदा केला.

गोणी खोटं बोलली नव्हती. ती धक्का दाखवत होती, हाताला बसतो तसलाच; धक्क्यात वेग एकदाच धरतात, म्हणून जड गोळी सरस दिसे. मिस्त्री त्यालाच गोळीची ऊर्जा समजत आले होते.

कागद घेऊन ते साहेबांपुढे उभे राहिले.

"साहेब, मी चुकीचं सांगितलं."

"भावजयीसाठी आकडे वाकवत नाही ना, मिस्त्री?"

"तुम्ही स्वतः झाडून बघा. माझी भावजय कोण, ते यंत्राला ठाऊक नाही."

साहेबांनी झाडून पाहिलं. आकडे तेच. परीक्षेला ज्याला जे पेलेल ते पिस्तूल घ्यायची मुभा झाली. "पण हे सगळ्यांना तुम्हीच सांगायचं," साहेब म्हणाले.

सकाळच्या हजेरीला चाळीस पहारेकरी रांगेत होते. मिस्त्रींनी टोपी काढली, जमिनीकडे बघत चूक सांगितली आणि वळले.

"मिस्त्री," पहिल्या रांगेतून वहिनी म्हणाल्या. मनगटाला पट्टी होती. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."

मिस्त्री परत वळले आणि पहिल्यापासून सांगू लागले, या वेळी मोठ्याने.